पासवर्डऐवजी टोकन कसं आलं

कामांची नोंद ठेवणाऱ्या जिरामधला बदल स्लॅक या गप्पांच्या अ‍ॅपवर दिसावा किंवा प्रोग्राम आपोआप बांधून तपासणाऱ्या जेनकिन्सने गिटहब या कोड साठवायच्या साइटवरचा कोड उचलावा, यासाठी आज आपण टोकन, म्हणजे पासवर्ड न देता प्रवेश देणारी डिजिटल किल्ली, तयार करतो. 2006 च्या सुमारास अशा कामाला बहुतेक ठिकाणी थेट पासवर्डच द्यावा लागे. ओळखीची माणसं शोधून देतो म्हणून एखादी साइट बेधडक ईमेलचा पासवर्ड मागायची आणि लोक तो द्यायचे. त्यातून त्या साइटला पूर्ण खातंच मिळे. परवानगी काढून घ्यायची तर पासवर्ड बदला, म्हणजे त्यावर चालणारी बाकीची सगळी जोडणीही बंद.

गूगलची ऑथसब, याहूची बीबीऑथ असे उपाय होते, पण प्रत्येकाचा वेगळा. नोव्हेंबर 2006 मध्ये ट्विटरचे ब्लेन कुक ओपनआयडी ही लॉगिनची पद्धत बसवत होते. त्यातून माणसाची ओळख पटते, पण त्याच्या वतीने एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्या सेवेशी बोलायची सोय) वापरू देण्यासाठी सर्वांना चालेल असं मानकच नव्हतं. खुल्या वेबचे पुरस्कर्ते ख्रिस मेसिना आणि इतरांशी झालेल्या चर्चेतून ऑक्टोबर 2007 मध्ये ओऑथ 1.0 या टोकनांवर चालणाऱ्या मानकाचा अंतिम मसुदा तयार झाला. 2009 मध्ये त्यात गंभीर त्रुटी सापडली: हल्लेखोराने सुरू केलेल्या विनंतीला नकळत दुसऱ्याच कुणाची संमती मिळू शकत होती. जूनमध्ये 1.0ए ही दुरुस्ती आली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2010 अखेर, ट्विटरने बाहेरच्या अ‍ॅप्सना पासवर्डने एपीआय वापरणं बंद केलं.

ऑक्टोबर 2012 मधल्या ओऑथ 2.0 ने प्रत्येक विनंतीवर डिजिटल सही करण्याची कटकट काढली आणि सुरक्षेचा भार टीएलएसवर, म्हणजे वाटेतली माहिती सांकेतिक करणाऱ्या पद्धतीवर, टाकला. ज्याच्या हाती टोकन, त्याला प्रवेश. हे पटलं नाही म्हणून या मानकाचे मुख्य संपादक एरन हॅमर जुलैमध्येच बाहेर पडले होते. 2.0 सोपं होतं म्हणूनच पसरलं, हे खरं. पण त्यांची काळजी मला रास्त वाटते. एप्रिल 2022 मध्ये हेरोकू (अ‍ॅप चालवणारी सेवा) आणि ट्रॅव्हिस सीआय (कोड आपोआप तपासणारी सेवा) यांना दिलेली ओऑथ टोकनं चोरून हल्लेखोरांनी गिटहबवरच्या अनेक संस्थांचा खाजगी कोड उतरवून घेतला. पासवर्ड लागलाच नाही.

गिटहबने गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) कामांसाठी पासवर्ड ऑगस्ट 2021 मध्येच बंद केले होते. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथे ठरावीक रेपॉझिटरी (कोडचा संग्रह) आणि ठरावीक कामापुरती टोकनं आली. जिरा बनवणाऱ्या अटलासियनने डिसेंबर 2024 पासून नव्या एपीआय टोकनांना जास्तीत जास्त एका वर्षाची मुदत घातली. गिटहबची जुन्या पद्धतीची ‘क्लासिक’ टोकनं मात्र अजून चालतात, आणि त्यांतल्या एखाद्याला ‘रेपो’ परवानगी दिली की ते तुम्हाला उघडता येणाऱ्या जवळपास प्रत्येक खाजगी रेपॉझिटरीपर्यंत पोचतं.