यंदाची वाइन, घरची वाइन

व्हिएन्नात ३८ नंबरची ट्रॅम ग्रिन्झिंगला संपते. तिथून डोंगराच्या दिशेने चालू लागलं की काही घरांच्या दारावर पाइनच्या हिरव्या फांद्यांची जुडी टांगलेली दिसते. जुडी असली तर घर गिऱ्हाइकाला उघडं. अंगणातल्या लाकडी बाकावर बसायचं आणि घरचीच वाइन मागवायची. जुडी नसली तर पुढचं दार बघायचं. अशा जागेला म्हणतात हॉयरिगर, आणि तिथल्या कोवळ्या वाइनलाही तेच नाव. ऑस्ट्रियातल्या जर्मनमध्ये ‘हॉयर’ म्हणजे यंदा. म्हणून हॉयरिगर म्हणजे सरळ ‘यंदाची’.

वाइन जितकी जुनी तितकी चांगली, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. व्हिएन्नाच्या आसपास मात्र कोवळी वाइन थेट बागायतदाराच्या दारात जाऊन घेण्याची रीत आहे आणि तिला पाठबळ मिळालं ते एका सरकारी फर्मानाचं.

ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या राज्यात द्राक्षं पिकवायची शेतकऱ्याने, पण विक्रीवर वचक जमीनदार आणि गुत्तेवाल्यांचा. असं सांगतात, की आजच्या इटली-स्लोव्हेनिया सीमेवरच्या गोरित्सिया भागात एका सरदाराने गुत्तेवाल्यांवर फक्त आपलीच वाइन विकायची सक्ती केली, आणि ते गाऱ्हाणं सम्राटापर्यंत गेलं. १७ ऑगस्ट १७८४ रोजी सम्राट दुसरा योसेफ याने हुकूम काढला: स्वतः पिकवलेला माल आणि स्वतः केलेली वाइन ज्याने त्याने वर्षभरात हवी तेव्हा, हव्या त्या भावाने विकावी. मधला आडत्या गेला. सगळी मेख ‘स्वतः’ या शब्दात आहे. बाहेरची वाइन आणून दारात विकायची सोय त्यात नाही, आणि खरा हॉयरिगर आजही याच अटीवर चालतो.

चवही याच व्यवहारातून घडली, असं मला वाटतं. छोट्या कुटुंबाला पुढच्या तोडणीआधी पिंपं रिकामी हवीत आणि हातात रोख पैसा हवा. वर्षानुवर्षं तळघरात माल मुरवत बसणं हे पैसेवाल्यांचं काम. अंगणात मगाने विकायच्या वाइनला बाटली नको, लेबल नको. ती ताजी, हलकी, किंचित आंबट असावी आणि दुसरा पेला मागवावासा वाटावा, एवढंच पुरे.

गुऱ्हाळावरचा ताजा रस आणि घरी पोचेस्तोवर आंबलेला रस यातला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला इथलं वेळापत्रक चटकन समजेल. सप्टेंबरमध्ये येतो ‘श्टुर्म’, म्हणजे वादळ: अजून आंबत असलेला, गढूळ, गोडसर रस. त्याची बाटली घट्ट बंद करत नाहीत, कारण आतला वायू कोंडला तर ती फुटते. म्हणून ट्रॅममधून नेताना ती उभी, हातात धरून न्यावी लागते. आडवी ठेवली की पिशवी भिजलीच. त्यानंतर न गाळलेली ‘श्टाउबिगर’, आणि मग निवळलेली वाइन. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, नव्या वाइनचा मान सुरू होतो आणि गेल्या वर्षीची हॉयरिगर त्या दिवसापासून ‘आल्टर’, जुनी, ठरते.

पांढऱ्या वाइनमध्ये ग्र्यूनर फेल्टलिनर या द्राक्षाची आहेच, पण व्हिएन्नाची खासियत ‘गेमिश्टर झाट्स’. एकाच बागेत द्राक्षांच्या अनेक जाती मिसळून लावायच्या, एकत्र तोडायच्या, एकत्र आंबवायच्या. थंडीने एक जात मारली तरी दुसरी तगते. हा शेतकऱ्याचा जुना विमाच. २०१३पासून तिला स्वतंत्र दर्जा आहे: किमान ३ जाती हव्यात, आणि कोणतीही एक निम्म्याहून जास्त नको.

तांबडीला सालीसकट आंबवावं लागतं, त्यामुळे कोवळेपणी ती तुरट लागू शकते. तरीही लवकर पिता येते अशी इथली जात म्हणजे त्स्वायगेल्ट. व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्गच्या द्राक्षसंशोधन संस्थेत १९२२ साली फ्रिट्झ त्स्वायगेल्ट यांनी सांक्ट लॉरेंट आणि ब्लाउफ्रेंकिश या दोन द्राक्षजातींच्या संकरातून ती तयार केली. हे गृहस्थ नाझी पक्षाचे सदस्य होते, त्यामुळे जातीच्या नावावरून ऑस्ट्रियात अधूनमधून वाद उठतो.

१९८५ साली ऑस्ट्रियातल्या काही वाइन उत्पादकांनी वाइन गोड आणि भरदार लागावी म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचं उघड झालं. निर्यात कोसळली, त्याच वर्षी कडक कायदा आला. पिकवणाऱ्याच्या हातून माल घेण्याला अशा वेळी जी किंमत येते ती वेगळी सांगायला नको.

इटलीतल्या त्रिएस्ते शहराजवळच्या कार्स्ट पठारावर हीच रीत ‘ओस्मित्सा’ नावाने नांदते. स्लोव्हेन भाषेत ‘ओसेम’ म्हणजे आठ. पूर्वी विक्रीची मुभा आठ दिवस असायची, त्यावरून हे नाव. तिथे रस्त्याच्या वळणावर आयव्ही या वेलीची डहाळी आणि लाकडी बाण लटकतो. त्या बाणामागे गेलं की पांढरी वितोव्स्का किंवा माल्वाझिया, आणि लोहयुक्त लाल मातीतली तांबडी, चांगलीच आंबट तेरान मिळते. सोबत घरचंच सुकवलेलं मांस, चीज, उकडलेली अंडी. पिंपं संपली की डहाळी खाली उतरते.