वरचा जबडा दुमडणारा साप

"साप गिळताना स्वतःचा जबडा निखळवतो." सापांवरच्या कुठल्याही व्हिडिओत हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि ते चूक आहे. सापाच्या खालच्या जबड्याचे डावे-उजवे भाग हनुवटीपाशी हाडाने जुळलेले नसतात, लवचीक अस्थिबंधाने बांधलेले असतात. म्हणून ते फाकतात. निखळत काहीच नाही.

पण ज्याच्या वरच्या जबड्याचं हाडच दोन तुकड्यांत आहे, असा एक साप खरोखर आहे. मॉरिशसच्या ईशान्येला साधारण २२ किलोमीटरवर राउंड आयलंड नावाचं ज्वालामुखीतून घडलेलं निर्मनुष्य बेट आहे, तिथला हा रहिवासी. शास्त्रीय नाव कासारिया दुसुमिएरी. लांबी दीड मीटरपर्यंत, विष अजिबात नाही. बोलीभाषेत त्याला 'बोआ' म्हणतात, पण खरे बोआ सहसा पिल्लांना जन्म देतात आणि हा अंडी घालतो. पिल्लं नारिंगी असतात. मोठ्या सापाचा रंग दिवसा गडद, रात्री फिकट होतो.

तो खातो मुख्यतः पाली आणि सापसुरळ्या. सापसुरळी धरणं किती अवघड! अंग गोल, गुळगुळीत, आणि खवल्यांखाली हाडांच्या बारीक चकत्यांचं चिलखत. त्यात दात रुततच नाहीत. ओली काकडी दोन ताठ बोटांत धरून पाहा, सटकते. आता तीच बोटं पेरात वाकवून धरा. पकड बसली ना? काकडी तीच, जोरही तेवढाच, पण बोट आता तिच्याभोवती वळलंय.

कासारियाने नेमकं हेच केलंय. इतर सापांत वरच्या जबड्याचं दात असलेलं हाड प्रत्येक बाजूला एकसंध असतं. याच्यात ते पुढचा आणि मागचा अशा दोन तुकड्यांत विभागलेलं असून मध्ये चक्क सांधा आहे. चावा घेताच पुढचा तुकडा खाली वळतो आणि दातांची रांग भक्ष्याला कवेत घेते. पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्याही प्राणिकुळात असा सांधा नाही. फ्राझेटा या अभ्यासकाने १९७० मध्ये यावरून उत्क्रांतीला अवघड प्रश्न विचारला: हाड एकतर अखंड असेल किंवा तुटलेलं, मग मधली पायरी कुठली? मला हा प्रश्न अजूनही झोपू देत नाही.

आपला कवड्याही सापसुरळ्या खातो, पण त्याच्या वरच्या जबड्याचं हाड पुढे कमानीसारखं कायमचंच वाकलेलं असतं आणि दातांच्या रांगेत मोकळी जागा असते. अडचण एकच, तोड वेगळी. हा बिनविषारी कवड्या मण्यार समजून मारला जातो, आणि निरुपद्रवी सापसुरळीही विषारी समजून ठेचली जाते. न ओळखता काठी उचलणं थांबायलाच हवं.

जबड्यात असा सांधा असलेल्या दोनच जाती विज्ञानाला ठाऊक होत्या, दोन्ही मॉरिशस आणि आसपासच्या बेटांवरच्या. माणसांनी सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी राउंड आयलंडवरची झाडी फस्त केली, माती समुद्रात वाहून गेली. मातीत बिळं करणारी दुसरी जात १९७५ नंतर कुणालाच दिसली नाही. शेळ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ मध्ये हटवले, तेव्हा झुडपं परत येऊ लागली आणि सापसुरळ्याही वाढल्या. २०१२ मध्ये साठ कासारिया जवळच्याच गनर्स कॉइन बेटावर सोडले. तिथून ही जात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी नाहीशी झाली होती.