‘ब्लॅक हॉक डाउन’मध्ये न दिसलेला १२ जुलै

रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लॅक हॉक डाउन’ची सुरुवात पडद्यावर उमटणाऱ्या मोजक्या ओळींनी होते. सोमालियातल्या दुष्काळात तीन लाख माणसे दगावली. ५ जून १९९३ रोजी २४ पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेले. ऑगस्टअखेर अमेरिकेने तिथला टोळीप्रमुख मोहम्मद फराह ऐदीद याला पकडण्यासाठी निवडक सैनिक धाडले. त्यानंतर राजधानी मोगादिशूत ऐदीदच्या माणसांना पकडायची ३ ऑक्टोबरची मोहीम एकदा सुरू झाली की चित्रपट उसंत देत नाही. पात्रे इतकी आणि वेग असा की कोण कोण आहे हे कळावे म्हणून हेल्मेटवर नावे लिहावी लागली.

मला हा वेग खोटा वाटत नाही. अडकलेल्या सैनिकांना त्या रात्री एकमेकांची जीवनकहाणी ऐकायला सवड नव्हतीच. खटकते ते दुसरेच. त्या ओळी जूनवरून थेट ऑगस्टअखेरीवर उडी मारतात, आणि अख्खे शहर सैनिकांवर का तुटून पडले याचे उत्तर मधल्या आठवड्यांत आहे.

जरा मागून सुरुवात करू. १९६९ मध्ये लष्करी उठाव करून सत्तेवर आलेला सियाद बर्रे आधी सोव्हिएत गोटात होता. १९७७ मध्ये त्याने सोमाली वस्तीच्या ओगादेन प्रदेशासाठी इथिओपियाशी युद्ध काढले, सोव्हिएत संघ इथिओपियाच्या बाजूने गेला आणि बर्रे अमेरिकेकडे वळला. दोन्ही महासत्तांची शस्त्रे अशी देशात साचत गेली. जानेवारी १९९१ मध्ये बर्रे पळाला, तेव्हा ती कुळाकुळांतल्या सशस्त्र टोळ्यांच्या हाती होती. त्याला हुसकावण्यात पुढे असलेला ऐदीद ऐंशीच्या दशकात सोमालियाचा राजदूत म्हणून दिल्लीत राहिलेला होता. त्याचा मुलगा हुसेन मात्र अमेरिकेच्या मरीन दलात होता आणि त्याच दलाबरोबर सोमालियात येऊनही गेला.

मोगादिशू ऐदीद आणि त्याचा प्रतिस्पर्धी अली महदी यांच्यात वाटले गेले. शेती उद्ध्वस्त झाली, मदतीचे धान्य बंदरातून निघाले की लुटले जाई. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकी मरीन उतरले ते धान्य लोकांपर्यंत पोचवायला, आणि ते काम बऱ्याच अंशी झाले. मे १९९३ मध्ये सूत्रे संयुक्त राष्ट्रांकडे गेली. महिन्याभरात पाकिस्तानी सैनिकांवर तो हल्ला झाला, दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेने दोषींना पकडण्याचा ठराव केला आणि ऐदीदवर २५,००० डॉलरचे इनाम लागले. भाकरी पोचवायला आलेली फौज माणूस शोधू लागली.

मग आला १२ जुलै. ऐदीदच्या एका सहकाऱ्याच्या घरी त्याच्याच हब्र गिदिर कुळातले जाणते लोक जमले होते. सोमालींच्या सांगण्यानुसार तडजोडीची बोलणी चालली होती, संयुक्त राष्ट्रांच्या मते ते युद्धाचे ठाणे होते. सकाळी अमेरिकी कोब्रा हेलिकॉप्टरांनी त्या घरावर रणगाडाभेदी क्षेपणास्त्रे सोडली. जिन्यावर नेम धरला होता, म्हणजे खाली पळायची वाट बंद. मृतांचा आकडा रेड क्रॉसने ५४ सांगितला, ऐदीदच्या बाजूने ७३, अमेरिकेने त्याहून कितीतरी कमी. छायाचित्रे घ्यायला धावलेल्या चार परदेशी पत्रकारांना संतापलेल्या जमावाने ठार केले. ऐदीदशी वैर असलेली माणसेही त्या दिवसानंतर परक्या फौजेविरुद्ध उभी राहिली.

३ ऑक्टोबरच्या रविवारी दुपारी बकारा बाजाराजवळ छापा पडला तो या शहरात. तासाभराचे काम होते आणि हवी असलेली माणसे हाती लागलीही. पण खांद्यावरून डागायच्या आरपीजी रॉकेटांनी दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली आणि लढाई दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत लांबली. १८ अमेरिकी गेले. सोमाली मृतांचे अंदाज तीनशेपासून हजाराच्या वरपर्यंत जातात. कोणी नीट मोजलेच नाहीत. अडकलेल्यांना बाहेर काढणाऱ्या ताफ्यात मलेशियाची चिलखती वाहने आणि पाकिस्तानचे रणगाडे होते. मलेशियाचा एक जवान त्यात कामी आला. चित्रपटात या दोघांची जेमतेम झलक दिसते, आणि त्या देशांना ते झोंबले.

मार्च १९९४ मध्ये अमेरिकी सैन्य परतले. शांतिसेना राहिली. तिच्यात बैदोआ भागात भारतीय लष्कराची ब्रिगेडही होती, आणि त्या ऑगस्टमध्ये बैदोआजवळच्या हल्ल्यात तिचे सात जवान गेले. आपल्याकडे हे फारसे कोणी आठवत नाही. संयुक्त राष्ट्रांची फौज मार्च १९९५ मध्ये निघाली.

मार्क बोडेन यांनी ही लढाई १९९७ मध्ये ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ दैनिकातून क्रमशः लिहिली. त्यासाठी ते मोगादिशूला गेले, सोमालींशी बोलले, आणि १९९९ च्या त्यांच्या पुस्तकात १२ जुलैचा हल्ला आहे. चित्रपटाचे चित्रीकरण मोरोक्कोत झाले, अमेरिकी लष्कराने खरी हेलिकॉप्टरे आणि वैमानिक दिले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर प्रदर्शन अलीकडे ओढून डिसेंबर २००१ मध्ये झाले. संकलन आणि ध्वनी यांसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाली. पुस्तकातला १२ जुलै मात्र पडद्यावर आलाच नाही.