मेणबत्तीच्या साच्याला मेण किती लागेल? ओतण्याआधीचा हिशेब

मेण वजनाने मोजा, मापाने नाही. दाणे, चकत्या किंवा फोडलेली लादी यांच्यामध्ये पोकळ्या असतात, त्यामुळे काठोकाठ भरलेले भांडे वितळल्यावर बरेच खाली बसते. वितळलेले मेण मापाने मोजले तरी आकडा फसवा, कारण गरम मेण फुगलेले असते. ग्रॅम दाखवणारा काटा हवा, आणि पाणी.

पाण्याची रीत

साच्याच्या तळाचे वातीचे भोक पुटीने किंवा चिकटपट्टीने बंद करा. रिकामा साचा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. मेणबत्ती जिथपर्यंत हवी तिथपर्यंत पाणी भरा आणि येणाऱ्या वजनाला ०.९ ने गुणा. पाणी ३०० ग्रॅम भरले तर मेण २७० ग्रॅम.

१ मिलि पाण्याचे वजन १ ग्रॅम असते, तर तेवढ्याच आकाराच्या घट्ट पॅराफिनचे, म्हणजे मेणबत्तीच्या नेहमीच्या मेणाचे, साधारण ०.९ ग्रॅम. सोया मेणालाही हाच आकडा चालतो. मधमाश्यांचे मेण जड असते, त्याला ०.९६ धरा: त्याच साच्यात ते २८८ ग्रॅम बसेल.

सिलिकॉनचा मऊ साचा पाण्याच्या वजनाने पोटात फुगतो आणि आकडा जास्त येतो. ओतताना जे रबरबँड लावणार असाल, ते पाणी भरतानाही लावा.

मोजून झाल्यावर साचा पूर्ण कोरडा करा. आत राहिलेल्या थेंबाच्या जागी मेणबत्तीवर खळगी उमटते. पत्र्याच्या साच्याच्या सांध्यात पाणी दडून बसते, म्हणून तो पुसून रात्रभर उलटा ठेवलेला बरा.

साचा ओला करायचा नसेल तर

सरळ आकाराच्या साच्याला मोजपट्टी पुरते. मापे आतून घ्या. जाड भिंतीच्या साच्याचे बाहेरचे माप घेतले की मेण उगाच जास्त निघते. गोल खांबासाठी त्रिज्या × त्रिज्या × ३.१४ × उंची. आतला व्यास ७ सेंमी आणि उंची १० सेंमी असेल तर ३.५ × ३.५ × ३.१४ × १० म्हणजे सुमारे ३८५ मिलि, त्याला ०.९ ने गुणून ३४६ ग्रॅम. इथली नेहमीची चूक म्हणजे त्रिज्येच्या जागी व्यास घालणे. उत्तर थेट चौपट येते, त्यामुळे लगेच लक्षात येते तरी! शंकूसाठी खांबाच्या उत्तराचा तिसरा भाग घ्या. फुले, मूर्ती, वळ्यावळ्यांचे साचे यांना पाणीच बरे.

सुगंध मिसळणार असाल तर

साच्यात बसणाऱ्या एकूण वजनात सुगंधी तेलही आले. प्रमाण मेणाच्या ६ टक्के असेल तर २७० ला १.०६ ने भागा: मेण सुमारे २५५ ग्रॅम, तेल १५ ग्रॅम. २७० ग्रॅम मेणात वरून तेल ओतले तर तेवढे मिश्रण उरेल, एवढेच. तेल मात्र चमच्याने किंवा थेंबांनी न मोजता वजनानेच घ्या. रंग आणि वात हिशेबात धरायची गरज नाही.

सगळे मेण एकदम ओतू नका

८० अंश सेल्सिअसच्या आसपास १ मिलि पॅराफिन ०.८ ग्रॅमहून थोडे कमीच भरते. म्हणजे ३०० मिलिच्या साच्यात पहिल्यांदा २३५ ग्रॅमच्या आसपास मेण मावते. थंड होताना ते आकसते आणि वातीभोवती खड्डा पडतो. उरलेले ३५ ग्रॅम त्यासाठीच. आकसताना मेण साच्याच्या भिंतीपासूनही सुटते, म्हणून सगळे ३५ लागतीलच असे नाही.

वर जाड साय धरली की वातीजवळ सळईने दोन-तीन भोके पाडा. नाहीतर पोकळी आतच दडून राहते आणि जळताना ज्योत त्यात बुडते. दुसरे मेण पहिल्यापेक्षा ४-५ अंश जास्त गरम असावे. गार ओतले तर दोन थर एकजीव होत नाहीत. पहिल्या मेणाच्या रेषेच्या वर मात्र भरू नका. तसे केले तर मेण साचा आणि मेणबत्ती यांच्या फटीत उतरते, बाजूने पापुद्रे दिसतात आणि मेणबत्ती साच्यातून निघताना अडते.

हिशेबापेक्षा १५ ते २० ग्रॅम जास्तच वितळवा, कारण भांड्याला आणि ढवळणीला थोडे चिकटून राहते. रंगीत मेण असेल तर हे विशेष महत्त्वाचे: कमी पडले म्हणून नव्याने रंगवलेले मेण क्वचितच त्याच छटेचे होते. जास्त झालेले मेण सिलिकॉनच्या छोट्या वाटीत ओतून ठेवता येते. मोरीत कधीही ओतू नका, नळीत घट्ट होऊन बसते. मेण थेट आचेवरही वितळवू नका; गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवूनच वितळवा.

काचेच्या ग्लासात भरताना वर १ ते १.५ सेंमी जागा सोडा. तिथे चिकटपट्टी लावून पाणी तेवढ्यापर्यंतच मोजा.

एका पट्टीत अनेक, समजा बारा, खाचे असतील तर सगळे भरून एकत्र वजन घ्या. एकाच खाच्याचे वजन गुणले की एका-दोन ग्रॅमची चूक बारापट होते. आलेला आकडा, मेणाच्या नावासह, साच्याच्या बाहेरच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.