सल्लामसलत वेगळी, जनसुनावणी वेगळी

मुलांवरील हिंसा रोखण्याबाबत विभागीय सल्लामसलत ठरली की जिल्ह्यांतल्या संस्थांना निरोप जातात. अशा वेळी हमखास एखादं उत्तर येतं, “आमच्याकडे दोन केसेस आहेत, मुलींना घेऊनच येतो.” तळमळ खरी असते, पण त्या मुलींना तिथे कुणीही न्याय देऊ शकणार नसतं. त्यांची तक्रार जनसुनावणीत न्यायला हवी.

जनसुनावणी बालहक्क संरक्षण आयोग घेतो. चौकशी करताना आयोगाला २००५ च्या कायद्याने दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. साक्षीदाराला समन्स काढता येतं, कागदपत्रं मागवता येतात, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेता येतो. चौकशीअंती आयोग दोषींवर कारवाईची आणि मुलाला तातडीच्या मदतीची शिफारस करू शकतो, गरज पडल्यास उच्च न्यायालयातही जाऊ शकतो. तिथे विषय एका विशिष्ट मुलाचा असतो.

सल्लामसलतीला यातला एकही अधिकार नाही. हिंसा होऊच नये म्हणून यंत्रणेत काय बदलायला हवं, हे त्या भागातल्या माणसांकडून आणि मुलांकडून समजून घेणं एवढंच तिचं काम, आणि ते लहान नाही. संयुक्त राष्ट्रांनी पाउलो सेर्जिओ पिन्हेरो या स्वतंत्र तज्ज्ञांकडे सोपवलेल्या मुलांवरील हिंसेच्या अभ्यासासाठी २००५ मध्ये जगभरात नऊ प्रादेशिक सल्लामसलती झाल्या. दक्षिण आशियाची मे महिन्यात इस्लामाबादला झाली. त्यातून आलेलं म्हणणं २००६ च्या अहवालात उतरलं. मुलांवरील कोणतीच हिंसा समर्थनीय नाही आणि सगळीच टाळता येण्याजोगी आहे, ही त्या अहवालाची भूमिका आजही अशा बैठकांचा पाया आहे.

गल्लत सर्वांत महागात पडते ती प्रश्न विचारताना. “तुझ्याबाबतीत काय झालं, सांग” हा प्रश्न सल्लामसलतीत विचारूच नये. पन्नास अनोळखी माणसांसमोर, कधी कधी कॅमेऱ्यासमोर, मुलीला तो प्रसंग पुन्हा सांगायला लावणं हीदेखील हिंसाच आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी मुलांच्या गटाला कोरा कागद द्यावा, गावाचा नकाशा काढायला सांगावं आणि जिथे जायला भीती वाटते तिथे लाल खूण करायला सांगावी. शाळेमागची वाट, वसतिगृहाचं न्हाणीघर, एसटी स्टँडचा अंधारा कोपरा अशा खुणा पडू लागतात. कुणाचंही नाव न घेता दिवे कुठे हवेत, अधीक्षिका कुठे हवी, हे कळतं.

तरीही एखादं मूल बोललंच, तर “ही सल्लामसलत आहे, इथे तक्रार घेत नाही” असं म्हणून मोकळं होता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. म्हणून बैठकीच्या दिवशी समुपदेशक शेजारच्या खोलीत हजर हवा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आधी कळवलेलं हवं. १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीसाठीचा क्रमांक मुलांना सुरुवातीलाच सांगून ठेवावा. फोटो, शाळेचं नाव, गाव यांपैकी ज्यातून अशा मुलाची ओळख पटेल, ते बातमीत किंवा अहवालात जाता कामा नये.

तारखेचंही तसंच. सुनावणीची तारीख तक्रारीमागून येते, सल्लामसलतीची आपण निवडतो, त्यामुळे कोण वगळलं गेलं याची जबाबदारीही आपलीच. बीडची बैठक जानेवारीत ठेवली, तर ऊसतोड कामगारांची कितीतरी मुलं तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात. बालविवाहावर चर्चा होते आणि ज्या घरांना तो प्रश्न सर्वाधिक भेडसावतो, तीच घरं तिथे नसतात. बैठक पावसाळ्यात घ्यावी, नाहीतर कार्यकर्त्यांनी आधी कारखान्यांवरच्या तळांवर जाऊन मुलांशी बोलून यावं.