ताण्याचे धागे आणि शाईचे थेंब

फोटो प्रिंटरच्या खोक्यावर ‘२८८० × १४४० डीपीआय’ असं ठळक छापलेलं असतं. दुकानदार आणि गिऱ्हाईक, दोघंही त्याचा एकच अर्थ लावतात: हा प्रिंटर एका इंचात २८८० वेगवेगळे ठिपके दाखवू शकतो. हा समज चुकीचा आहे, आणि ते वहीच्या कोपऱ्यात हिशेब करून पडताळता येतं.

इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याचे २८८० भाग केले की एक भाग जेमतेम ९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अशा बऱ्याच प्रिंटरमधला सगळ्यांत लहान थेंब ३.५ पिकोलिटरचा असतो (पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग). गोलाच्या घनफळाचं शाळेतलं सूत्र लावलं तर त्याचा व्यास येतो सुमारे १९ मायक्रॉन. म्हणजे थेंब हवेत असतानाच त्याच्या वाट्याच्या जागेपेक्षा दुप्पट रुंद असतो, आणि कागदावर पडून पसरला की आणखी मोठा होतो. थेंब कुठे टाकता येतो हे २८८० हा आकडा सांगतो. तो किती बारीक आहे हे सांगत नाही. जाहिरातीत मात्र हा फरक कुणी सांगत नाही.

मी या हिशेबात शिरलो ते सायनोटाइपमुळे. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली ही पद्धत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं मिश्रण कागदाला लावून वाळवायचं, वर निगेटिव्ह दाबून उन्हात ठेवायचं. अतिनील किरणांमुळे फेरिक लोहाचं फेरस होतं, ते फेरिसायनाइडशी संयोग पावतं आणि प्रशियन ब्लू तयार होतो. उरलेली रसायनं साध्या पाण्यात धुऊन जातात. इंजिनिअरांची जुनी ‘ब्ल्यूप्रिंट’ अशीच निघायची. हा लेप फार मंद असल्यामुळे एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, उपयोगाचा नाही. चित्र जेवढं हवं तेवढीच निगेटिव्ह लागते. आता ती आपण इंकजेट प्रिंटरवर, पारदर्शक फिल्मवर छापतो.

चाचणीसाठी मी येवल्यात काढलेला हातमागाचा फोटो घेतला. ताण्याचे, म्हणजे मागावर ताणलेले उभे, शेकडो धागे शेजारी शेजारी, मधे अंधार. धार तपासायला यापेक्षा चांगला विषय मला सापडला नाही. एकच फाइल दोनदा छापली: एकदा प्रिंटरबरोबर आलेल्या ड्रायव्हरने (कुठे कोणता थेंब टाकायचा ते ठरवणारं सॉफ्टवेअर), एकदा त्याऐवजी वापरायच्या रॉय हॅरिंग्टन यांच्या ‘क्वाडटोन रिप’ या सॉफ्टवेअरने, फक्त काळ्या-करड्या शाया वापरून. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली पहिल्या फिल्मवरच्या धाग्यांच्या कडा मऊ होत्या आणि कडेला जांभळट-हिरवट झालर होती. दुसऱ्या फिल्मवर कडा स्वच्छ होत्या, पण दाणा जास्त दिसत होता.

असं का झालं ते समजायला ड्रायव्हरचं खरं काम पाहावं लागतं. मला त्यातला हा भाग सगळ्यांत आवडतो.

एका शाईतून प्रिंटरला मधल्या छटा काढता येत नाहीत. थेंब टाकायचा किंवा नाही टाकायचा, एवढंच त्याच्या हातात. (थेंबांचे दोन-तीन आकार आणि फिकट शाया असतात, ते तूर्त बाजूला ठेवू.) समजा एका जागेला ४० टक्के काळेपणा हवा आहे. ४० हे ५०पेक्षा कमी, म्हणून थेंब नाही. मग त्या ४० टक्क्यांचं काय? एसटीत सुटे नसले की कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतो, तसंच इथे होतं. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांच्या १९७६च्या पद्धतीत ही बाकी चार शेजाऱ्यांना वाटली जाते: उजवीकडच्याला ७/१६, खालच्याला ५/१६, खाली डावीकडे ३/१६, खाली उजवीकडे १/१६. उजवीकडच्यालाही मुळात ४० हवे होते, त्यात १७.५ आले, झाले ५७.५. थेंब टाका! पण थेंब म्हणजे पुरे १००, म्हणजे ४२.५ जास्त गेले. ते आता पुढच्यांच्या खात्यातून वजा. तिसऱ्याकडे उरतात २१.४, थेंब नाही. असं करत पानभर सरासरी ४०च राहते. आजच्या ड्रायव्हरांमधल्या युक्त्या याच जातीच्या असतात.

बारीक रेघेची अडचण इथेच सुरू होते. ३६० पीपीआयच्या, म्हणजे इंचात ३६० पिक्सेल असलेल्या, फाइलच्या एका चौकोनात (पिक्सेलमध्ये) थेंबासाठी ८ × ४ म्हणजे ३२ जागा मिळतात; ७२०च्या चौकोनात ४ × २, म्हणजे फक्त ८. करड्या धाग्याचा हिशेब या ८ जागांत मिटत नाही, बाकी शेजारच्या अंधारात सांडते आणि कड विस्कटते. पूर्ण काळ्या रेघेला बाकीच राहत नाही, त्यामुळे ती ७२०वर खरोखर धारदार येते. म्हणून ७२०चा फायदा मागाच्या ठळक धाग्यांना होतो, धुक्याच्या फोटोला जवळजवळ नाही.

झालरीचं कारण वेगळं. रंगीत मोडमध्ये ड्रायव्हर करडा रंग अनेक शाया मिसळून बनवतो. प्रत्येक शाईचे थेंब वेगळ्या जागी पडतात, शाई फेकणाऱ्या छिद्रांच्या (नोझलच्या) रांगा केसभर सरकल्या तरी कडेला रंग दिसतो. त्यात सगळ्या शाया अतिनील किरण सारखे अडवत नाहीत. डोळ्याला भरीव दिसणारा करडा भाग किरणांना जाळीसारखा असू शकतो.

आणखी एक उलटापालट आहे. साध्या प्रिंटमध्ये आकाशात ठिपके दिसू नयेत म्हणून ड्रायव्हर तिथे फिकट शाया वापरतो. पण निगेटिव्हमध्ये आकाश सगळ्यांत गडद असतं! फिकट शायांची सगळी काळजी चित्राच्या सावल्यांवर खर्च होते, आणि आकाशातल्या दाट थेंबांमधल्या फटींतून किरण निसटून पांढऱ्यावर निळे कण उमटतात.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. एप्सनचे ड्रायव्हर साधारणपणे ३६० किंवा ७२०च्या जाळीवर काम करतात, कॅननचे ३०० किंवा ६००च्या. फाइल त्याच मापाची द्यावी. मी एकदा ३००ची फाइल ३६०च्या जाळीवर पाठवली, तर दर पाच ओळींमागे एक दुप्पट जाड झाली आणि ताण्यात नसलेला पट्टा दिसू लागला. ड्रायव्हरमधली ‘हाय स्पीड’ची खूण काढावी, मग शाई टाकणारं हेड एकाच दिशेने जाताना छापतं आणि उभ्या रेघा दुहेरी होत नाहीत. चित्र आरशासारखं उलटं छापून शाईची बाजू कागदाला टेकवावी. दोन्हींमध्ये ०.१ मिलिमीटर फट राहिली तर, उन्हाऐवजी वापरलेल्या अतिनील ट्यूबमधून ४५ अंशांत येणारा किरण तेवढाच, ०.१ मिलिमीटर सरकून पडतो. कडक उन्हात हे नुकसान फारच कमी, कारण सूर्यबिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचं आहे.

मग दोन्ही निगेटिव्ह मी गच्चीवर दुपारच्या उन्हात छापल्या. खरबरीत हातकागदावर दोन्ही चित्रं सारखीच दिसली. लेप तंतूंमध्ये मुरतो आणि तिथे सगळी धार विरते. गुळगुळीत, जिलेटिन लावलेल्या कागदावर मात्र रिपचे धागे सुटे मोजता आले, ड्रायव्हरचे दोन-दोन एकत्र झाले होते. भिंग आणखी जवळ नेलं तेव्हा निळ्या धाग्यांना आडवा छेदून गेलेला कागदाचा एक तंतू दिसला, ताण्यातल्या धाग्याहूनही जाड.