गायगर-म्यूलर गणित्र

आयनीकारक प्रारणाचे (अणूंतून इलेक्ट्रॉन सोडविणाऱ्या किरणांचे) कण एकेक करून मोजणारा वायुभरित अभिज्ञातक (प्रारण ओळखणारे साधन). धातूचे नळकांडे हा ऋणाग्र व त्याच्या अक्षावर ताणून बसविलेली बारीक तार हा धनाग्र असतो. नळीत आर्गॉन किंवा निऑन कमी दाबाने भरून अग्रांदरम्यान सामान्यतः ४०० ते ९०० व्होल्ट विद्युत् दाब ठेवतात.

प्रारणामुळे सुटलेला इलेक्ट्रॉन तारेजवळच्या अतितीव्र विद्युत् क्षेत्रात इतर अणूंचे आयनीकरण करतो, त्यांतून सुटलेले इलेक्ट्रॉनही तेच करतात आणि उत्तेजित अणूंच्या जंबुपार प्रकाशामुळे तारेच्या सबंध लांबीवर इलेक्ट्रॉनांचे नवे लोंढे उठतात. सावकाश सरकणाऱ्या धन आयनांचे वेष्टन तारेभोवती जमून क्षेत्र क्षीण झाले की विसर्जन (वायूतून वाहणारा विद्युत् प्रवाह) थांबते. परिणामी सर्व स्पंद (प्रवाहाचे क्षणिक ठोके) जवळजवळ सारखेच असतात व त्यांवरून कणाची ऊर्जा कळत नाही. त्यासाठी प्रमाणी गणित्र (ज्याचा स्पंद कणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात असतो) किंवा सोडियम आयोडाइडाच्या स्फटिकात उमटणारी प्रकाशाची चमक मोजणारे चमक गणित्र लागते. धन आयन ऋणाग्रावर पोहोचल्यावर पुन्हा विसर्जन पेटू नये म्हणून वायूत अल्कोहॉलाची वाफ किंवा हॅलोजन मिसळतात. अल्कोहॉलाचे रेणू प्रत्येक विसर्जनात मोडतात, त्यामुळे अशा नळीचे आयुष्य मर्यादित असते. हॅलोजनाचे अणू पुन्हा जुळतात. प्रत्येक स्पंदानंतर सुमारे १०० मायक्रोसेकंद नळी निष्क्रिय राहते. तीव्र प्रारणात काही उपकरणे यामुळे कमी, क्वचित शून्यही आकडा दाखवितात, आणि ही चूक धोक्याच्या बाजूची आहे.

शोधाचे वर्ष कोणते मानावे याविषयी एकवाक्यता नाही. रदरफर्ड व गायगर यांनी १९०८ मध्ये मँचेस्टर येथे अक्षीय तारेच्या नळीने आल्फा कण मोजले. परंतु विद्युत् दाब विसर्जनाच्या मर्यादेखाली ठेवलेला असल्याने आणि विद्युत्‌मापकाच्या सुईचे विचलन डोळ्यांनी टिपावे लागत असल्याने ती नळी आजच्या प्रमाणी गणित्राला अधिक जवळची वाटते. गायगर यांच्या १९१३ च्या टोकदार अग्राच्या गणित्राने बीटा कणही मोजता आले. जर्मनीतील कील येथे गायगर व त्यांचे विद्यार्थी वाल्टर म्यूलर यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेली नळी हीच प्रस्तुत गणित्राचा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पुढच्याच वर्षी बोटे व कोलहर्स्टर या भौतिकीविज्ञांनी अशा दोन नळ्यांमध्ये ४.१ सेंमी. जाडीचा सोन्याचा ठोकळा ठेवला, तरीही दोन्हींत एकाच वेळी उमटणारे बहुतेक स्पंद टिकून राहिले. विश्वकिरणांत (अवकाशातून येणाऱ्या प्रारणात) अतिभेदक विद्युत् भारित कण असावेत असे अनुमान त्यांनी त्यावरून काढले.